आईला हवा असलेला ढावलो

आमच्या बंजारा तांड्यात नवरी सासरी निघताना ढावलो म्हणते. म्हणजे आईच्या, काकीच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून सुरात रडायचं आणि शब्द तिथल्या तिथे जुळवायचे, आमच्या गोरमाटी बोलीत. हल्ली बऱ्याच मुली नुसतेच हुंदके देऊन गाडीत बसतात. पण मी आईची एकुलती एक लेक. "मला बाकी काही नको, तुझा ढावलो ऐकायचाय," एवढंच ती म्हणाली आणि मला धडकी भरली.

कारण माझं बोलणं आता तांड्यावरचं राहिलं नव्हतं. पाचवीला मी हिंगोलीच्या वसतिगृहात आले. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खाटेवरची मुलगी म्हणाली, "काहून गं, तू बोलून राहिली का गाऊन राहिली?" सगळ्या खिदळल्या. ती तरी कुठं मोठी शुद्ध बोलायची? घरून फोन आला की तीही 'न्हाई' आणि 'व्हय'वर यायची. पण हसणारीला कोण विचारतं!

मी तिचंच बोलणं उचललं. ठरवून काही केलं नाही, जीभच तिच्या मागे गेली. ती वाक्य संपवताना आवाज पाडायची, मीही पाडू लागले. दिवाळीपर्यंत नव्या मुलींना मी तांड्यावरची वाटेनाशी झाले. केवढा आनंद झाला होता मला तेव्हा! पुढे कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाईंचं बोलणं असंच माझ्या तोंडात येऊन बसलं. जिच्यासारखं व्हावंसं वाटे तिचा ठेका मला आपोआप लागायचा.

लग्न ठरलं तशी औंढ्याकडच्या तांड्यावरून आत्या आली, मला ढावलो शिकवायला. दुपारी भांडी घासून झाली की ती मला गोठ्यामागे नेई, स्वतःच्या गळ्यात हात टाकायला लावी आणि सूर धरी. शब्द मला पटापट येत. पण सूर जिथे हेलकावे घेत खाली उतरतो, तिथे माझा आवाज धडा वाचून दाखवल्यासारखा सरळ निघे. परक्या मुलींची नक्कल सहज करणारी मी, सख्ख्या आत्याची मात्र मला जमेना. मी वैतागले. म्हटलं, "मोबाइलवर रेकॉर्ड करून दे, पाठ करते."

आत्या फटकळ. ती गोरमाटीत जे बोलली ते इथे मराठीत लिहिते. "पाठ करून काय होतंय? तुला माझ्यासारखं व्हायचंच नाही. मग माझा आवाज तुझ्या तोंडात येईल कसा?"

मला राग आला, कारण ते खरं होतं. तिच्या भेगाळलेल्या टाचा, तिची तंबाखू, ते रानात हाक मारल्यासारखं बोलणं, यातलं काहीच मला नको होतं. सूर तेवढा हवा होता, तोही एका दिवसापुरता.

निघायची वेळ आली. वसतिगृहातल्या मैत्रिणी मोबाइल धरून पुढेच उभ्या होत्या. मी आईच्या गळ्यात पडले. "याडी," म्हणजे आई, अशी हाक मारली आणि सूर लावला. मलाच ऐकू आलं, मी कविता म्हणत होते. मैत्रिणींकडे नजर गेली तसा आवाज आणखीच सरळ झाला. मागे कुणीतरी म्हातारी हसली. मी गप्प झाले. आई तशीच मला धरून उभी होती, पुढच्या ओळीची वाट बघत.

मग तीच बोलली. माझ्याशी ती जन्मात मराठी बोलली नव्हती. बाजारात बोलायची वेळ आली तरी दोन शब्दांत उरकायची. ती आई सगळ्या तांड्यासमोर, अडखळत, मी फोनवर बोलते तसा आवाज काढून म्हणाली, "रडू नकोस. नीट जा. पोचलीस की फोन कर." 'नकोस' काय, 'पोचलीस' काय, हे तिचे शब्दच नव्हते. मी एकटी पडू नये म्हणून तिनं स्वतःचं बोलणं बाजूला ठेवलं होतं.

तेव्हा मी रडले, बेसूर, हमसून हमसून. मैत्रिणी म्हणाल्या, "किती छान बोलली गं तुझी आई." त्यांना काय सांगणार! आईला लेकीचा ढावलो ऐकायचा होता. तो राहिलाच, आणि वर समजूतही तिनंच माझी घातली, माझ्या भाषेत.