वरचं सूप

उमराव कापगतेला मी सातवीत गणित शिकवलं. त्याचं उत्तर बहुतेक बरोबर असायचं, तरी त्याची नजर शेजाऱ्याच्या वहीत फिरताना मला दिसायची. मी त्याला दोनदा मागच्या बाकावर एकटा बसवला. तिथंही उत्तरं बरोबरच आली. म्हणजे तो पाहून लिहीत नव्हता. मग पाहायचा कशाला, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. दुसऱ्याचं कुठं चुकलं ते शोधायला त्याला आवडायचं.

बारावी कॉमर्स झाल्यावर अशा मुलाला साजेसं काम मिळालं. तो बिडी कंपनीच्या गावातल्या कचेरीत चेकर झाला. सौंदड स्टेशनापासून सात किलोमीटर आत असलेल्या आमच्या गावात तेव्हा जवळपास प्रत्येक घरी एक तरी बाई मांडीवर सूप घेऊन बिड्या बांधायची. संध्याकाळी बांधलेल्या हजार बिड्यांचा हिशेब घेऊन बाया कचेरीपुढं रांगेत बसायच्या. उमराव एकेक बंडल हातात घेऊन दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबायचा. सैल लागली, पान फाटकं दिसलं, की ती बिडी काढून पायाशी ठेवलेल्या टिनाच्या डब्यात टाकायचा. याला छाट म्हणत. हजारामागे तीस-चाळीस बिड्या तरी जायच्या आणि बाईला त्या तिथल्या तिथं भरून द्याव्या लागायच्या. म्हणून हजार बांधून झाले की बाया वरच्या चाळीस बांधून ठेवायच्या. असं करा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. हातालाच तशी सवय लागली होती.

छाटलेल्या बिड्या मोडून फेकल्या जातात, असं कंपनी सांगायची. कुंदाबाई लांजे यांचा त्यावर कधी विश्वास बसला नाही. त्या तेव्हाही रांगेत सगळ्यांत पुढं असायच्या. एकदा माझ्यासमोरच त्यांनी विचारलं होतं,

"चेकर, हा डबा रिकामा कोठं करतोस गा? उकिरड्यावर त एक तुकडा दिसत नाई."

"कंपनीले विचारा," उमराव म्हणाला आणि त्यानं पुढचं बंडल उचललं.

अशी सव्वीस वर्षं गेली. २०१८ मध्ये कंपनीनं आमच्याकडच्या सगळ्या कचेऱ्या बंद केल्या. उमरावला तीन ओळींचं पत्र आणि लहानशी रक्कम मिळाली. तो पंचेचाळीस वर्षांचा होता. बायांचंही काम गेलं होतं, तरी रांगेतल्या एकीनंही त्याच्यासाठी हळहळ केली नाही. महिनाभर तो घरापुढच्या बाजेवर बसून असायचा. मग एक दिवस माझ्याकडे आला.

"गुरुजी, मी अकाउंटचं शिकावं म्हनतो."

"या वयात?"

"दुसरं काई येत नाई मले. चूक पाहाले येते."

सहा महिने तो सकाळच्या गाडीनं सौंदडहून गोंदियाला क्लासला गेला. वर्गात सगळी विशीच्या आतली पोरं. शिकवणारी चेतना मॅडम त्याच्या मुलीच्या वयाची होती. तो बोट इतक्या जोरात दाबायचा की ती म्हणायची, "काकाजी, माऊस है, बिडी नहीं. धीरे दबाओ." हे त्यानंच मला हसत सांगितलं. पुढं साडेतीन वर्षं तो गोंदियात एका सीए साहेबांकडे बिलं चढवत होता. बरोबर बसणाऱ्या पोरांपेक्षा पगार कमी, पण त्यांच्या चुका तोच काढायचा.

२०२२ च्या ऑक्टोबरात आमच्या गावच्या बायांच्या धान कंपनीला हिशेबनीस हवा होता. आजूबाजूच्या चार गावांतल्या बचत गटांनी मिळून ही कंपनी काढली होती. एकशेचाळीस सभासद बाया आपलं धान एकत्र करून थेट राइस मिलला विकणार होत्या. उमरावनं अर्ज केला, बचत गटांच्या जिल्ह्याच्या ऑफिसनं त्याला पाठवला. तीन महिने पाहायचं आणि जानेवारीच्या सभेत बायांनीच त्याला ठेवायचं की नाही ते ठरवायचं, अशी अट होती. त्यानं गोंदियाची नोकरी सोडली होती. तिथं त्याच्या खुर्चीवर आठवड्याच्या आत दुसरा पोरगा बसला. बायांनी नको म्हटलं असतं, तर पन्नाशीच्या माणसाला तिसऱ्यांदा कोण उभं करणार होतं?

कंपनीच्या अध्यक्ष होत्या कुंदाबाई.

"हा?" त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. "सव्वीस सालं आमच्या बिड्या दाबल्या, आता धान दाबशील?"

"धान काट्यावर चढते बाई. काटा काई मी बनवला नाई."

"काट्याले हात नाईत. तुले आहेत."

त्या दिवसापासून दोघांची एकमेकांवर पाळत सुरू झाली. कंपनीच्या शेडमध्ये बाईचं धान काट्यावर चढायचं, उमराव वजन रजिस्टरात लिहून तिला चिठ्ठी द्यायचा, मग ते मोठ्या ढिगात ओतलं जायचं. ढिगातून पुन्हा चाळीस-चाळीस किलोचे कट्टे भरून थप्पी लागायची. कुंदाबाईंना वाचता येतं जेमतेम. त्या थप्पीशेजारी बिडीच्या उरलेल्या लाल दोऱ्याचं रीळ घेऊन बसायच्या आणि कट्टा शिवला की दोऱ्याला एक गाठ मारायच्या. पंचवीस गाठी झाल्या की एक मोठा फास. पंचवीस बिड्यांचं बंडल बांधण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांचा पंचवीसचा हिशेब चुकत नाही.

उमराव रजिस्टर टिनाच्या पेटीत ठेवायचा आणि किल्ली करगोट्याला बांधायचा. कुंदाबाई संध्याकाळी शेडच्या कुलपावर एक बारीक दोरा ताणून जायच्या, रात्री कोणी उघडलं तर तुटावा म्हणून. दुसऱ्या दिवशी उमरावनं रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिलं, 'कुलपाला लाल दोरा बांधलेला आढळला. कारण समजले नाही.' ते पान मी स्वतः पाहिलं आहे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कुंदाबाई माझ्या घरी आल्या. ओटीवर बसून त्यांनी दोऱ्याची गुंडाळी माझ्यापुढं ठेवली.

"गुरुजी, ह्याची वही म्हनते चारशे अठरा कट्टे. माह्या गाठी म्हनतात चारशे पंचवीस."

"सात कट्टे जास्त आहेत, कमी नाहीत," मी म्हणालो.

"म्हनूनच त आली. कमी असते त उंदरावर टाकले असते. धान वाळलं की घटते, गुरुजी. वाढलेलं धान मी आजलोक पाह्यलं नाई."

त्यांचा तर्क सरळ होता. उमरावनं बायांचं वजन थोडंथोडं कमी लिहिलं. मिलचा ट्रक येण्याआधी ते सात कट्टे त्याच्या घरी गेले असते आणि वही बरोबर राहिली असती. खोटं कशाला बोलू, मीही मनात तेच धरलं. शेजाऱ्याच्या वहीत फिरणारी ती नजर मला आठवली.

बायांनी सांगितलं म्हणून मी दोन्ही बाजू तपासल्या. थप्पी मोजली, चारशे पंचवीस भरली. मग तीन दुपारी रजिस्टर घेऊन बसलो. एकही बेरीज चुकलेली नव्हती. पंधरा-वीस बायांच्या घरी जाऊन चिठ्ठ्या मागितल्या. त्यांवरचे आकडे रजिस्टरशी जुळत होते. काट्यावर माझ्याकडचं पाच किलोचं वजन ठेवून पाहिलं. काटाही खरा होता. कुठंच चूक नाही आणि सात कट्टे तर समोर उभे. माझा संशय कमी व्हायच्याऐवजी वाढला.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये बसलो होतो. सुखवंताबाई पटले शेवटचा एक कट्टा घेऊन आल्या. वय साठीच्या पुढं, पण पोतं त्यांनी स्वतः काट्यावर चढवलं. उमरावनं आकडा मोठ्यानं वाचला, लिहिला, चिठ्ठी दिली. धान ढिगात पडलं. मग सुखवंताबाई बाहेर गेल्या, पायरीवर ठेवलेलं सूप पदराआड घेऊन आत आल्या आणि सूपभर धान गुपचूप ढिगावर ओतलं.

"हे कायले, बाई?" मी विचारलं.

"वरचं, गुरुजी."

"कोणी मागितलं?"

"मांगते का कोनी? चेकर बसला आहे न."

उमराव चार हातांवर बसला होता. त्यानं मान वर केली नाही. आकडा लिहून झाला होता, तरी पेन कागदावरच होतं. माझं उत्तर मला तिथं मिळालं. एकशेचाळीस बाया आणि सूपभर म्हणजे दोनेक किलो धान. सात कट्टे सहज होतात.

शेड बंद झाल्यावर मी त्याच्याबरोबर तळ्याच्या पाळीवरून घराकडं निघालो.

"तुला कधी कळलं?"

"चवथ्या दिवशी."

"मग सांगितलं का नाहीस? चोरीचा आळ येऊन राहिला तुझ्यावर."

"सांगलं असतं त छाटीच्या डब्याचं बी सांगा लागलं असतं, गुरुजी."

मला लगेच समजलं नाही. समजलं तेव्हा पुढं विचारवलं नाही.

"काटा थोडा कमी दाखवते, असं लिहिता येते," तो म्हणाला. "सीए साहेबाकडं असं किती लिहिलं. बाया मानतील. तुमी मानलं की मानतील."

"काटा खरा आहे. मी पाहिलाय."

"मले ठाऊक आहे तुमी पाह्यलं. मी पाहून राह्यलो होतो."

एवढं बोलून तो आपल्या गल्लीत वळला. तो उद्या काय बोलेल याची मला खात्री नव्हती. त्यानं काट्याचं नाव घेतलं, तर मी सभेत उभं राहायचं की नाही, हेही माझं ठरलं नव्हतं.

सभा शेडमध्येच भरली. थप्पीला पाठ लावून बाया बसल्या. कुंदाबाईंनी दोरा सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि विचारलं, "कापगते, सात कट्टे कोनाचे?"

उमराव उभा राहिला. हातात रजिस्टर होतं, ते त्यानं उघडलं नाही.

"तुमचे. काटा झाल्यावर तुमी सूप ओतता. काट्यावर नाई चढलं ते माह्या वहीत नाई. मी पाहत होतो, पन बोललो नाई."

"काऊन बोलला नाई?"

"बिडीच्या टाइमाले बी तुमी वरच्या आनत होत्या. छाट मी कधी मोडली नाई. शनिवारी त्याच बिड्या पुन्हा बंडल बांधून कंपनीच्या मालात जात. तुमच्या वरच्या बी जात. मले त्यातून एक पैसा भेटत नव्हता, म्हनून मी मले चोर समजत नव्हतो."

मागून एक आवाज आला, "सव्वीस सालं."

कुंदाबाई खाली बसल्या. दोरा त्यांच्या मांडीवर होता. मग त्यांनी विचारलं, "यंदा सूप कोनं-कोनं ओतलं?"

एकही हात वर झाला नाही. बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या.

"मी बी ओतलं," कुंदाबाई म्हणाल्या. "दोनदा. ह्याच्यावर पाळत ठेवून राहिली, आन ह्यालेच भेऊन ओतलं."

कोणीतरी हसलं. मग हात वर व्हायला लागले. सुखवंताबाईंनी सूपच वर केलं.

"सात कट्टे सगळ्यांत सारखे वाटा," एक जण म्हणाली.

"सारखे कायले? माहं सूप मोठं आहे," सुखवंताबाई म्हणाल्या.

शेवटी ते धान कंपनीच्या साठ्यात ठेवायचं आणि रजिस्टरात वेगळं दाखवायचं ठरलं. मग उमरावची गोष्ट निघाली. तो दाराशी जाऊन उभा राहिला होता, पुकारलं की यायचं आणि नाही म्हटलं की तिथूनच निघायचं अशा बेतानं. कुंदाबाईंनी त्याला पुढं बोलावलं.

"तुह्यावर भरोसा बसत नाई. आज त अखिनच नाई. पन ठेवतो तुले. भरोशाचा मानूस ठेवला असता, त आमी गाठी मारल्या नसत्या, आन हे कोनाले समजलं नसतं."

हात मोजले. तेवीस बाया विरोधात होत्या. सभेचं टिपण लिहायचं काम उमरावचंच होतं. त्यानं तेवीसच्या तेवीस नावं पुन्हा विचारून लिहिली. एक नाव त्याच्या सख्ख्या चुलतीचं होतं.

गेल्या नोव्हेंबरात मी सहज शेडवरून जात होतो. एका नव्या सभासद बाईचं धान मोजून झालं होतं आणि तिनं सूप उचललं होतं. उमराव खुर्चीवरून उठला, तिच्या हातातलं सूप घेतलं, धान पोत्यात ओतून काट्यावर ठेवलं. एक किलो आठशे. त्यानं आकडा मोठ्यानं वाचला, तिच्या नावावर चढवला आणि दुसरी चिठ्ठी फाडून तिला दिली.

ती बाई चिठ्ठी उलटसुलट करून पाहत राहिली. मग थप्पीशेजारी बसलेल्या कुंदाबाईंकडे वळून हळूच म्हणाली, "बाई, ह्यात काई डाव त नाई न ह्याचा?"

"पाहून राहिलो न आमी," कुंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दोऱ्याला गाठ मारली.