माझ्या वाट्याचा फिशपाँड

मला मुलगे आवडतात, हे मी विद्यापीठात असताना कँटीनमध्ये चारजणांना सांगितलं. चहा निवायच्या आत बातमी कात्रजच्या सर्पोद्यानात पोचली; तिथले नागही म्हणे त्या दिवशी मान डोलवत होते. वर्ग मात्र भलताच सुधारला. इतका, की मला कुणी साधी शिवी देईना. बाकावरचा जोडीदार मांजरी गावचा, आजवर पाठीत गुद्दा घातल्याशिवाय न बोलणारा. तोही सरकून म्हणाला, "बसा ना आपण." पुण्यात दोस्तानं 'आपण' म्हटलं की समजावं, दार लागलं.

तीन महिन्यांनी गॅदरिंग आलं. त्यात फिशपाँडची रीत: एकमेकांच्या खोड्या निनावी चिठ्ठ्यांवर लिहून पेटीत टाकायच्या, मॅडमनी त्या भर सभागृहात वाचायच्या. आदल्या वर्षी मला सतरा आले होते. सांगताना मी सत्तर सांगतो. यंदा एकही येणार नाही, या भीतीनं माझं जेवण सुटलं. घाणेरडा आला तर, ही भीती दुसऱ्या नंबरावर होती. शेवटी मीच डाव्या हातानं स्वतःवर बारा चिठ्ठ्या लिहून पेटीत कोंबल्या.

मॅडमनी रबर लावलेला एक गठ्ठा उचलला. "या बारा चिठ्ठ्या माझ्याच विषयाची असाइनमेंट फाडून केल्या आहेत. मागे रोल नंबर आहे. म्हणजे ती घरी विसरली नव्हती तर."

सभागृह असं हसलं की खराडीतल्या ऑफिसांच्या काचा थरथरल्या. मी खुर्चीखाली जागा शोधत होतो, तेवढ्यात त्यांनी आणखी एक चिठ्ठी काढली, मनात वाचली आणि माझ्याकडे बघितलं. वाचू का, असं डोळ्यांनीच विचारलं. मी होकारार्थी मान हलवली.

"याला मुलगे आवडतात, हे समजलं. आमची हरकत नाही. पण खिचडी दुसऱ्याच्याच डब्यातली का आवडते, याचा लेखी खुलासा करावा."

सगळे हसले; मांजरीवाला तेवढा छताकडे बघत बसला. खिचडी त्याचीच. तीन महिने मी तिला हात लावला नव्हता. 'आपण' म्हणणाऱ्याच्या डब्यात हात घालायचा कसा?

दुसऱ्या दिवशी त्यानं डबा माझ्यापुढे सरकवला आणि असा गुद्दा घातला की माझ्या दोन बरगड्या अजून सापडलेल्या नाहीत.

"खा की लेका. आईनं तुझ्या वाटचीबी घातली हाय."

मी त्याच्याही वाटची खाल्ली.