मोरदऱ्यातली जांभळीची फांदी

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. जंगलखात्यात गार्ड म्हणून माझी सगळी नोकरी बालाघाटाच्या डोंगरांत गेली. दरीतून बाई किंचाळल्यासारखी वाटली तर तो मोर, झाडावर दोन दिवे दिसले तर उदमांजर… नवीन पोरांना हे मीच हसत सांगायचो. पण यंदा फाल्गुनात जे घडलं, त्यासाठी मला असा कुठलाही प्राणी सापडत नाही. आणि ते सांगायचं तर त्याच्या आधीचं सांगावंच लागेल.

मांजरसुंबा आणि लिंबागणेशच्या मधल्या डोंगरात एक घळ आहे. आम्ही तिला मोरदरा म्हणायचो. पायथ्याच्या गावाचं नाव देत नाही. वरच्या उतारावर धावडा, सालई, खैर. खाली कमरेएवढं पवन्या आणि कुसळी गवत. खोकडाची बिळं होती. ओढ्यात एकच जांभळ, पण एवढी मोठी की उन्हाळ्यात सगळ्या डोंगराचे मोर तिच्याखाली येऊन बसत. तिथंच त्या गावातला गुराखी भिवा शेरडं पाण्यावर आणायचा. मी हटकलं की म्हणायचा, "सायेब, डोंगर कागदावर तुमचा. कुसळं मातर आमच्या पायात."

आगीपासून रान वाचवायला आम्ही फाल्गुनाआधी जाळरेषा काढायचो. म्हणजे गवताचा एक पट्टा आपणच जाळून टाकायचा, बाहेरची आग आली तर तिथं थांबावी म्हणून. पट्टा पहाटेच्या गारव्यात जाळायचा आणि राख थंड होईपर्यंत जागा सोडायची नाही, हा नियम. खूप वर्षांपूर्वी एकदा माझं काम मागं पडलं होतं आणि वरचे साहेब बघायला येणार होते. मी भर दुपारी पट्टा पेटवला. मांजरसुंब्याच्या धाब्यावर मटणाचा बेत ठरलेला होता. धूर बसल्यासारखा दिसला आणि मी निघून गेलो.

परत आलो तेव्हा मोरदरा पेटला होता. आणि भिवा एकटा, जांभळीची हिरवी फांदी मोडून, आग बडवत होता. त्याचे दोन्ही तळहात सोलून निघाले होते. रात्रीपर्यंत उतार गेला, ओढ्यातली जांभळही गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "कुणी लावली?"

गुराखी नव्या गवतासाठी रान पेटवतात, हे खात्यात सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी भिवाकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "त्याच्या हातांनाच विचारा, साहेब."

हे वाक्य मला तेव्हा हुशारीचं वाटलं होतं.

भिवावर केस झाली आणि त्याची शेरडं वकिलापायी गेली. मग तो ऊसतोडीला गेला. आखडलेल्या हातात कोयता धरवत नव्हता तरी गेला, आणि एका हंगामात तिकडेच वारला. गावानं त्याला नाव ठेवलं होतं… जाळ्या.

यंदा घरच्यांबरोबर लिंबागणेशला दर्शनाला गेलो होतो. मंडळी देवळात रमली, मी रिक्षा करून मोरदऱ्याच्या पायथ्याशी आलो. सकाळची वेळ, लख्ख ऊन. उतारावर आता आम्हीच लावलेलं गिरिपुष्पाच्या झाडांचं रान आहे, रांगेनं. त्याला शेरडू तोंड लावत नाही. गवत गेलं, माती वाहिली, खडक उघडा पडला. एकही मोर ओरडला नाही.

कोरड्या ओढ्यात दगडावर बसलो, आणि वरून आवाज आला.

फट्… फट्… सर्रर.

हा आवाज कशाचा, ते मला कुणी सांगायला नको. पेटत्या गवतावर हिरवी फांदी हाणली की असा येतो. दोन फटके आणि मग निखारे मागं ओढायचे. माणसागणिक त्याची लय वेगळी असते. ही भिवाची होती. धूर नव्हता, वारा नव्हता, माणूस नव्हता. आवाज उतार उतरत माझ्यासमोर आला आणि थांबला. तिथं जांभळीची फांदी पडली होती. मोडलेलं टोक ओलं, शेंड्याची पानं करपून वळलेली. उचलली तर गरम… आणि ती उन्हाची ऊब नव्हती. सगळा ओढा धुंडाळला. ना राख, ना जांभळीचं झाड. एक रोपसुद्धा नाही.

फांदी घेऊन मी सरळ भिवाच्या बायकोकडे गेलो. सोजरबाई दारात चिंचा फोडत बसली होती.

"गार्डसायेब न्हवं का? लई वाकलाव की. बसा. जाळ्याच्या घरचं पानी चालतंय का?"

मी फांदी पुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. आग मी लावली, भिवा विझवत होता. तिनं एक पान चुरगाळून हुंगलं.

"वढ्यातली जांभळ हाय ही." मग पुन्हा चिंच उचलली. "बाकीचं मला कावून सांगताव? मला तवाच ठाऊक हुतं. हात भाजल्यालं, जेवता येईना, मी भरवीत हुते त्याला. आन् त्याच राती तुमी पंचनाम्याला आलताव तवा तुमच्या तोंडाला मटनाचा वास येत हुता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले की. ऐकलं कुनी?"

"आणि तो आवाज, सोजरबाई?"

"इझवीत आसंल आजून. तुमी जेवाया गेलताव. त्यो कुठं जाईल?" तिनं चिंचा फोडायचा पाटा बाजूला सरकवला. "मला नगा सांगू. गावाला सांगा."

पारावर गेलो. चार-पाच जण मोबाईल बघत बसले होते. उभा राहून मोठ्यानं सांगितलं, की मोरदरा मी जाळला, भिवानं नाही.

एक पोरगा म्हणाला, "कोन भिवा, बाबा?"

शेजारचा म्हातारा म्हणाला, "आरं, जाळ्या बे! त्याचं नाव भिवा हुतं."

"मंग जाळ्या म्हना की," पोरगा म्हणाला, आणि सगळे हसले.

सोजरबाई माझ्यामागून आली होती. ती घरी परतली, मीही तिच्यामागं गेलो. निघताना पाहिलं, तर फांदी तिनं चुलीत घातली नव्हती आणि देवापुढेही ठेवली नव्हती. दाराआड, झाडूशेजारी उभी केली होती. मी विचारलं, कशाला ठेवली?

"आसू द्या. परत आग लागली तर लागंल."

ती फांदी कुठून आली, मला माहीत नाही. जाणकारांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. बाकी भिवाचं जे झालं त्याचं स्पष्टीकरण मात्र मला पहिल्यापासून ठाऊक होतं.