उपाशीपोटी चहा

सातवीच्या वर्गात सतराचा पाढा म्हणताना मी पंच्याऐंशीपाशी अडकले. पुढचं काही येईना. फळ्याकडे तोंड करून तशीच उभी राहिले, मागे कुजबुज सुरू झाली, आणि शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने पाढा पुरा केला. पारनेर तालुक्यातल्या एका शाळेत मी गणित शिकवते. बाईंना पाढे झोपेतसुद्धा येतात, असा माझा लौकिक. त्याआधी वर्षभर दूध उतू जात होतं, ओळखीच्या माणसांची नावं आठवत नव्हती, आवाज घोगरा झाला होता, भर वैशाखात अंगावर शाल लागत होती. पण पाढा गेला तेव्हा मी मुळापासून हादरले. आपलं डोकं गेलं, एवढंच मनात आलं. घरी येऊन यांना म्हटलं, "मी नोकरी सोडते. पोरांना चुकीचं शिकवण्यापेक्षा घरी बसलेलं बरं."

आमचे हे शेती बघतात. म्हणाले, "आदी डाक्टरला दाखवू. मग काय सोडायचं ते सोड."

नगरच्या डॉक्टरांनी डोक्याबद्दल फारसं विचारलंच नाही. सुजलेला चेहरा पाहिला, पाय दाबून पाहिले आणि रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्टात टीएसएचसमोर शंभराहून जास्त असं छापलं होतं. शेजारी लिहिलेली मर्यादा साडेचारच्या आसपास. मी गणिताची बाई. मला वाटलं, थायरॉईड फार वाढलं.

"उलट आहे, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "हा आकडा थायरॉईडचा नाहीच. मेंदूखालची एक ग्रंथी थायरॉईडला काम कर म्हणून सांगते, त्या सांगण्याचा हा आकडा. थायरॉईड ऐकत नाही, म्हणून ती ओरडतेय. थायरॉईडचा खरा आकडा खाली आहे, टी फोरचा. तो बघा किती कमी आलाय."

वर्ग ऐकेनासा झाला की बाईंचा आवाज चढतो, हे मला वेगळं समजावायला नको होतं. डोकं गेलेलं नाही, गोळीने सुधारेल, हे ऐकून मी तिथेच रडले.

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. अशक्तपणासाठी लोहाची आणि हाडांसाठी कॅल्शियमची आधीपासून चालूच होती. सोनईच्या नणंदेने मोबाईलवर काहीतरी बघून सेलेनियमच्या कॅप्सूल पाठवल्या आणि आयोडीनही वाढव म्हणून कळवलं. डॉक्टरांनी दोन्हींना नको म्हटलं. घरातल्या मिठातून मिळतं तेवढं आयोडीन पुरे, जास्त झालं तर त्रासच होतो म्हणाले.

दोन महिन्यांनी आकडा ऐंशी. डोस वाढवला. पुढच्या खेपेला सत्तर. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या घेत नाही तुम्ही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एक दिवस चुकवलेला नाही."

"मी सोता हातावर देतो, डाक्टर," हे म्हणाले. "सकाळी धार काढून आलो का च्या करून नेतो. संगं ही गोळी, लोहाची बी अन् ती कॅल्शियमची. एका दमात गिळती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "चहाबरोबर? उपाशीपोटी सांगितलं होतं ना?"

"च्या म्हंजी काय खानं हाय व्हय?"

यांनी अगदी मनापासून विचारलं होतं, आणि मलाही ते पटत होतं. आमच्याकडे एकादशीचा कडक उपवाससुद्धा चहानेच सुरू होतो. त्याने उपवास मोडला असं कुणी आजवर म्हटलेलं नाही. तोही घरच्या गाईच्या दुधाचा, पाण्याचा थेंब नसलेला. डॉक्टरांनी समजावलं. दूध, लोह, कॅल्शियम ही सगळी पोटात त्या गोळीला अडवून धरतात, रक्तात ती फार थोडी पोचते. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने, बाकीच्या गोळ्या चार तासांनी.

"म्हंजी इतके दिवस मीच..." हे म्हणाले. परतताना यांना चार शब्द सुनवायचं मी ठरवलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून माझा राग विरला.

पुढच्या दोन तपासण्यांत आकडा चारच्या आत आला. चेहऱ्याची सूज उतरली, पाढे जागेवर आले, नोकरीचा विषय कुणी काढला नाही. डॉक्टर खूश झाले. "आणखी काही शंका?"

एक होती. पहिल्या दिवसापासून मनात धरली होती, विचारायचा धीर झाला नव्हता. माझी आई शेवटची तीन वर्षं आमच्याकडे होती. तिचाही चेहरा असाच सुजलेला, आवाज जड, दिवसभर उन्हात बसून राहायची. मला मावशीच्या नावाने हाक मारायची. तिला हेच झालं असेल का?

"त्यांचं रक्त तपासलं होतं?"

"नाही."

"मग आता कसं सांगणार, मॅडम."

वयाने होतंच असं, हे आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं. गावातल्या डॉक्टरांनीसुद्धा. ती गेली तेव्हा साठीचीही नव्हती.