पेडणेकरांचा सेकंद काटा

विनीत नावाच्या अंधेरीच्या एका गाण्यांच्या प्रमोशनवाल्याने दिगंबर पेडणेकरांना फसवलं, आणि त्यासाठी त्याने पेडणेकरांचंच घड्याळ वापरलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी पेडणेकरांविषयी चार बऱ्या गोष्टी लिहीन तेव्हा कुणाला वाटायला नको की माझा राग निवला.

घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी माझं सोफे दुरुस्तीचं दुकान आहे. नवरा गेल्यावर गाद्या भरायला मी स्वतः शिकले. रेग्झिनवाले, फोमवाले, सुतार, सगळ्यांशी भांडून धंदा उभा केला. दुकानामागच्या खोलीत फोमच्या लाद्या छतापर्यंत रचलेल्या असत, त्यामुळे आत आवाज घुमत नसे. रॅप करणाऱ्या दोन मुलींनी ती खोली तासाभरासाठी मागितली, तेव्हा माझी ट्यूब पेटली. भिंतींना फोम चिकटवला, छतातून माइक लोंबता सोडला, एक लाल दिवा लावला, झाला स्टुडिओ. फोम चिकटवायच्या सोल्यूशनच्या वासाने जीव गुदमरायचा म्हणून एक जाळीची खिडकी तेवढी उघडी ठेवली. नवीन गाणं यायच्या आधी गाणाऱ्याची ओळख व्हावी म्हणून अशा खोलीत व्हिडिओ करतात. माइकसमोर उभं राहायचं आणि त्या क्षणी सुचेल ते रॅपमध्ये म्हणायचं. याला फ्रीस्टाइल म्हणतात.

पेडणेकर मूळचे कुडाळकडचे. मुलुंडच्या औषध कारखान्यात पॅकिंगला होते आणि सुट्टीच्या दिवशी डबलबारी भजनांत पखवाज वाजवायचे. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून चिमटे काढतात, आणि समोरच्याचा चिमटा ऐकून तिथल्या तिथे उत्तर रचावं लागतं. निवृत्तीनंतर ते माझ्याकडे सोफा शिवायला टाकायला आले आणि आतला रॅप ऐकून तिथेच बसले. म्हणाले, "बाई, ही आमचीच बारी आसा. फक्त पखवाज मशिनीत गेलो." दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. सोफा शिवून झाला तरी येत राहिले. महिन्याभरात माइक, वायरी, कॅमेरा सगळं त्यांच्या हाताखाली गेलं.

ते फोमच्या गुंडाळीवर बसत, डोळे मिटत आणि बोटांनी गुडघ्यावर ठेका धरत. हिंदी रॅपमधले निम्मे शब्द त्यांना कळत नसत. तरी कोण घरून पाठ करून आलाय ते पहिल्या चार ओळींत सांगत. मी विचारलं, "पेडणेकर, हे कळतं कसं?"

"श्वास बघा, बाई. पाठ केल्लो माणूस ओळ संपली की श्वास घेता. ज्याका सुचता, तो मधीच खयंय घेता. पावसात धावणाऱ्या माणसासारखो."

मग ते कॅमेरा बंद करून त्या माणसाला म्हणत, "घोकून इलंस काय रे मेल्या?" आणि स्वतः एक शब्द देत. शब्द खोलीतलाच असे. गादी, सुई, स्प्रिंग. एकदा एका मुलाला त्यांनी "बाईंचो राग" असा शब्द दिला. त्या कार्ट्याने माझ्यावर तीन मिनिटं रॅप केला. मी बाहेर कात्री घेऊन उभी होते, आणि पेडणेकर आत गुडघ्यावर थापा मारत होते.

घड्याळाची गोष्ट अशी. सुरुवातीच्या व्हिडिओंखाली लोक लिहायचे, हे लिहून आणलंय, तुकडे जोडलेत. पेडणेकरांनी ते मनाला लावून घेतलं. एका सकाळी त्यांनी घरून भिंतीवरचं घड्याळ आणलं. निवृत्तीच्या दिवशी पॅकिंगमधल्या लोकांनी दिलेलं, पांढरी तबकडी, लाल सेकंद काटा. गाणाऱ्याच्या मागे, कॅमेऱ्यात त्याच्या खांद्याच्या वर दिसेल असं टांगलं आणि म्हणाले, "आता कापून दाखवा." काटा न थांबता फिरताना दिसला की मध्ये काही कापलेलं नाही हे कुणालाही कळे. हळूहळू लोक आमच्या खोलीला 'घड्याळवाली खोली' म्हणू लागले.

गोवंडीची निलोफर आली तेव्हा त्यांनी तिला 'कील', म्हणजे खिळा, हा शब्द दिला. चार ओळी म्हणून पोरगी अडकली. तोंड उघडं, आवाज नाही. खोलीत फक्त काट्याची टिकटिक. पेडणेकरांनी कॅमेरा बंद केला नाही, नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं. आठ सेकंद गेले. मग ती हसली आणि म्हणाली, "मैं अटकी आठ सेकंद तो कमरा हो गया चुप, अम्मी कील-सी अटकी बीस साल, किसी ने पूछा नहीं कुछ." पुढे ती थांबलीच नाही. संपल्यावर मात्र गयावया करू लागली.

"काका, दूसरा टेक लो ना. बीच में पुतला बन गई मैं."

"अडाकलंस ता खरा. खरा कशाक पुसून टाकतंस?"

दोघांना एकमेकांची भाषा अर्धी कळे, तेवढी पुरे. तोच व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला. लोक त्या आठ सेकंदांसाठी तो पुन्हा पुन्हा बघत.

विनीत आला तो हे सगळं बघूनच. गोड बोलणारा, उन्हातही जॅकेट घालणारा. त्याच्या नवीन गायकाचं गाणं येणार होतं. "मॅडम, मला तुमची खोली हवी, घड्याळासकट. माणसं माझी." मी भाव वाढवला, तो एका शब्दात हो म्हणाला. एवढ्या सहज हो म्हणणाऱ्या माणसाचा मला एरवी संशय येतो. त्या दिवशी आला नाही. पेडणेकर कवळी बसवून घ्यायला मुलुंडला गेले होते. त्यांना न विचारता मी किल्ली दिली. थोड्या वेळाने विनीतचा माणूस बाहेर येऊन म्हणाला, "एक स्टूल मिळेल? लाइट बदलायचा आहे." मी रेग्झिनवाल्याशी भांडत होते. मान वर न करता स्टूल पुढे सरकवलं.

चार दिवसांनी व्हिडिओ आला. पेडणेकरांनी तो माझ्या दुकानात, नवी कवळी घालून, एकदाच पाहिला. मग म्हणाले, "बाई, ह्यो मेलो श्वास खय घेता?"

मी पुन्हा लावला. तीन मिनिटांत त्या गायकाने एकदाही श्वास घेतला नव्हता. मागे काटा मात्र व्यवस्थित फिरत होता. रॅप तुकड्यातुकड्याने म्हणून घेतला होता, आणि दर तुकड्याआधी स्टुलावर चढून घड्याळ आधीचा तुकडा संपला तिथवर मागे घेतलं होतं. मला स्टूल आठवलं आणि मी ते त्यांना सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "किल्ली देताना तुमका माझी आठवण इली नाय?" आणि मग, "त्येका सांगा, व्हिडिओच्या खाली खरा काय ता लिव्ह."

मी दोन दिवस विनीतला फोन केला नाही. त्याने आणखी सहा शूटचं बोलणं लावलं होतं. हेही लिहून ठेवते.

तिसऱ्या दिवशी बघणाऱ्यांनीच चोरी पकडली. जाळीतून येणारी उन्हाची तिरीप घड्याळाखालच्या भिंतीवर पडते. घड्याळाप्रमाणे तीन मिनिटं झाली होती, आणि तिरीप वीतभर खाली सरकली होती, ज्याला तासभर तरी लागतो. मग लोकांनी लिहिलं, म्हणजे या खोलीतले आधीचे सगळेही असेच. निलोफरचा फोन आला. "काका, मेरे आठ सेकंद को भी लोग नकली बोल रहे हैं." पेडणेकरांनी फोन कानाला धरून ठेवला.

मी अंधेरीला विनीतच्या ऑफिसात जाऊन तमाशा केला. तो पाण्याची बाटली पुढे करत म्हणाला, "मॅडम, प्रमोशनमध्ये एवढं चालतं. कोणाचं काय गेलं?"

पेडणेकरांनी घड्याळ उतरवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि घरी नेलं. त्यानंतरही ते रोज येत, चहा घेत, शिवायला आलेल्या सोफ्यावर बसत. आतून रॅप ऐकू आला की गुडघ्यावर बोटं हलत. पण त्या खोलीत त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. मी एकदा म्हटलं, "चला ना आत, नवीन मुलगी आली आहे." तर म्हणाले, "हयसून ऐकू येता, बाई. श्वास बरो आसा तिचो."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या मुलीने घड्याळ मला आणून दिलं. ते आता बाहेर, दुकानात, सगळ्यांना दिसेल असं लावलंय.

विनीत, तू विचारलं होतंस, कोणाचं काय गेलं. ते मी वर लिहिलं आहे. किल्ली कोणी दिली, स्टूल कोणी दिलं, दोन दिवस कोण गप्प बसलं, तेही मी कबूल करून लिहिलं आहे. तुझा व्हिडिओ अजून तिथेच आहे. त्याच्याखाली तुझ्या नावाने लिही, काटे कोणी फिरवले. निलोफर वाट बघते आहे, आणि या वेळी तिचे आठ सेकंद केव्हाच होऊन गेलेत.