पाण्याकडे पाठ

धाकटा भाऊ गेल्यापासून भेटायला येणारी माणसं त्याच्या एका सवयीबद्दल बोलतातच. नदीवर पोरं पोहत असली की तो घाटाच्या पायरीवर बसून राही. कुणी हाक मारली तरी वळून पाहत नसे. "माणूस चांगला, पर जरा तुसडाच की," असं म्हणतात. मी मान हलवतो. ती सवय त्याला कशी लागली, ते मला माहीत आहे.

महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात बोर्डिंगं निघाली. त्यांतल्या एकाच्या मागे मुलांना पोहायला शिकवण्यासाठी हौद होता, मोटेच्या पाण्यानं भरलेला. नव्या मुलांच्या पाठीला सुके भोपळे बांधून त्यांना पाण्यात सोडत. राखणीला माझा भाऊ होता. मी त्याच मुलांच्या शाळेत मास्तर होतो.

एकदा सासऱ्यांना तिथं घेऊन गेलो. भाऊ कट्ट्यावर बसला होता. "रामराम मामा, बसा. पोरं पाण्यात हायत," एवढंच म्हणाला, तेही पाण्याकडे बघत.

"जावईबापू, तुमचं धाकलं हौदाचं संस्थानिक झालंय की!" सासरे हसून म्हणाले. मला ते लागलं.

घरी जेवताना मी त्याला बोललो. "उठून पाया पडला असतास तर झिजला असतास काय?"

"दादा, पोरं पाण्यात हुती की."

"पोरं काय पळून जात होती? माझी मान खाली गेली."

तो खाली बघून जेवत राहिला.

पुढच्या खेपेला सासरे आले, तेव्हा मीच त्यांना पुन्हा हौदावर नेलं. तो उठतो का, हे मला पाहायचं होतं. तो उठला. पाण्याकडे पाठ करून आधी सासऱ्यांच्या, मग माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्तच वेळ. माझं तोंड पाण्याकडेच होतं. मी मात्र सासऱ्यांचा चेहरा पाहत होतो.

"भोपळा सुटला! बुडालं, बुडालं!" पोरं ओरडली.

भावानं अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली. शाहूवाडीकडचा, नुकताच आलेला मुलगा तळाशी गेला होता. पालथा घालून पोटातलं पाणी काढलं, तेव्हा कुठं तो रडला. जगला. पण निरोप मिळताच त्याचा बाप आला. "शिकला न्हाई तरी चालंल, जित्ता ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि त्याला घेऊन गेला. ते पोर पुन्हा शाळेत आलं नाही.

बोर्डिंगच्या व्यवस्थापकांनी भावाला विचारलं, "पाण्याकडे पाठ का केलीस?"

"चुकलं माझं," तो म्हणाला.

मी शेजारीच उभा होतो. त्याची नोकरी गेली, माझी राहिली.

पुढं घाटावर मी मागून गेलो की पावलं ओळखून, न वळता तो म्हणे, "दादा, बसा." मी शेजारी बसे. आज बोलायचं, असं कितीदा ठरवलं. पण बोललो तर हा माझ्याकडे वळेल आणि समोर पोरं पाण्यात आहेत, असं स्वतःला सांगून गप्प राही. पोरं अंग पुसून घरी जात. मग तो माझ्याकडे वळे. तेव्हाही मी बोललो नाही.