माईचा पगार

बाळ हे त्याचं खरं नाव नव्हे, पण दुसऱ्या नावाने मारलेली हाक मी तरी कधी ऐकली नाही. वय बेचाळीस, डोकं दाराच्या चौकटीला टेकेल एवढी उंची, खांदे पैलवानाचे, आणि आतून माई हाक मारणार, "बाळ!" हा म्हणणार, "काय?" झालं, संपलं बोलणं. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. माझं केस कापायचं दुकान आहे. माझ्या तोंडाचा पट्टा गिऱ्हाइकांना पुरून जो उरतो, तो मी वर जाऊन या मायलेकांवर सोडते. बाळचे केस मी त्यांच्याच स्वयंपाकघरात कापते, नुसत्या कात्रीने. दुकानातलं मशीन गुणगुणायला लागलं की तो खुर्चीतून उठून चालता होतो. एकदा अर्धं डोकं भादरलेलं आणि अर्धं तसंच, असा कामावर जाऊन आला होता पठ्ठ्या!

काम सायकलच्या दुकानात. खड्ड्यात आपटून चाक डुगडुगायला लागलं की म्हणतात, चाकाला आऊट आलं. बाळ ते काढतो. एकेक तार बोटाने छेडायची, किल्लीने जराशी पिळायची, चाक फिरवून बघायचं. दिवसभर दुसरं काही नाही आणि त्याला दुसरं काही नकोही असतं. त्याचा मालक म्हणतो, "याच्यासमोर चाक उभं करा, गिऱ्हाईक नको." ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाळ चाळिशीला आला होता. माई म्हणाली, "बरं झालं बाई, निदान नाव तरी मिळालं. इतकी वर्षं लोक हट्टीच म्हणत होते माझ्या लेकराला."

मग माईची उजवी बाजू गेली. बोलणं शाबूत, डोकं शाबूत, टोमणे तर विचारूच नका, पण पायावर उभं राहणं बंद. बाळने काम अर्ध्या दिवसावर आणलं. सकाळी चाकं, दुपारनंतर आई. अंघोळ, कपडे, नखं, सगळं. कोणी शिकवलं नाही, त्याने बघून बघून बसवलं. पण अर्ध्या पगारात भाडं आणि औषधं दोन्ही बसेनात. आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एकतर त्याने पुन्हा पूर्ण दिवस कामाला जायचं आणि माईची रवानगी सरकारी शुश्रूषागृहात करायची. नाहीतर घरच्या आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांसाठी जो भत्ता असतो, तो कसाही करून मिळवायचा.

अर्ज मी भरला. महिन्याभराने भत्त्याच्या ऑफिसातून एक बाई घर बघायला आल्या. मी आदल्या दिवशीच बाळला बजावलं होतं, "तू गप्प बस, मी बघते सगळं." त्याला हे सांगायची गरज नव्हती म्हणा!

बाईंनी पेन उघडायचा अवकाश, मी सुरू. चांगलं तिखटमीठ लावलं. "अहो, काय सांगू तुम्हाला! याला काही म्हणजे काही जमत नाही. एकट्याने रस्ता ओलांडता येत नाही..."

"येतो," बाळ म्हणाला.

"चार शब्द बोलत नाही कोणाशी!"

"बोललो आत्ता."

मी डोळे वटारले. पण तो माझ्याकडे कशाला बघतोय? आणि बाईंचं पेन थांबलं होतं.

"इतकं काहीच जमत नसेल," त्या म्हणाल्या, "तर आजींना यांच्या भरवशावर ठेवता येणार नाही. मला तसं लिहावं लागेल. त्यांना शुश्रूषागृहात हलवावं लागेल."

अगं बाई! जितका बिचारा करू तितके पैसे जास्त, असा माझा हिशोब. पण हा अर्ज सांभाळणाऱ्या माणसाचा होता. त्याला सांभाळता येतं, हेच मुळी पटवायचं होतं, आणि मी अर्धा तास त्याला दुबळा ठरवत बसले होते. माईने माझ्याकडे असं पाहिलं, की उठता येत असतं तर माझ्याच कात्रीने माझी जीभ कापली असती.

तेवढ्यात बाळ उठला. माईला खुर्चीतून पलंगावर न्यायची वेळ झाली होती. ऑफिसच्या बाई आल्या म्हणून वेळ थोडीच बदलते? एक हात पाठीमागे, एक गुडघ्यांखाली, "उचलतो," म्हणाला आणि उचललं. कुशीवर वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी ठेवली, टाच हातात घेऊन कुठे लाल झालीय का ते पाहिलं. बाई बघत राहिल्या.

"छान करता हो तुम्ही," त्यांचा आवाज उतरला होता. "पण एक सांगा. रात्री यांना काही झालं तर डॉक्टरांना फोन कोण करणार?"

"मी फोन करत नाही," बाळ म्हणाला.

खोटं बोलता आलं असतं तर! पण छे. मी कपाळावर हात मारला आणि तोंड उघडलं. "तो काय करतो, खाली जमिनीवर धाडधाड ठोकतो. मी धावत वर येते. दोनदा आलेय, फोनही मीच केलाय." आयुष्यात पहिल्यांदा पदरचं काहीही न घालता बोलले. बाईंनी लिहून घेतलं, पण चेहरा साशंकच.

आणि फोन वाजला. बाळचे दोन्ही हात कानांवर. तो पार भिंतीकडे वळला. माईने डाव्या हाताने उशीजवळचा फोन उचलला. पलीकडे सायकलवाला मालक.

"शनिवारी? नाही येणार तो. काय ठरलंय आपलं? अर्धा दिवस म्हणजे अर्धा दिवस. आणि हे बघा, काल तुम्ही त्याच्यावर ओरडलात. तो बोलला नाही म्हणून मला कळलं नाही असं समजू नका." फोन ठेवला आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "झालं रे. रागावले नाहीयेत, शनिवारी गर्दी असते म्हणून विचारत होते." बाळचे हात हळूहळू खाली आले.

"यांचे सगळे फोन तुम्हीच घेता?" बाईंनी विचारलं.

"फोन मी, बँक मी. कोण रागावलंय, कोण नुसतं मोठ्याने बोलतंय, तेही मीच सांगते. माझे पाय तो, त्याचं तोंड मी."

"केव्हापासून?"

"झाला तेव्हापासून. आई ना मी त्याची!"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "आजी, मग तुमचाही अर्ज करा ना. तुम्हीही सांभाळताच की एका माणसाला."

माई हसायलाच लागली. "मला पगार? पडल्या पडल्या?" हसता हसता खोकला आला, बाळने पाणी दिलं. बाईही हसल्या. मग जाता जाता, बाळ स्वयंपाकघरात गेलाय असं बघून त्यांनी हळूच विचारलं, "आणि आजी, तुमच्यानंतर?"

माईचं हसू मावळलं. "ते मी बघते," म्हणाली.

दोन्ही अर्ज मंजूर झाले. ऑफिसने मायलेकांना एकमेकांचे सांभाळणारे म्हणून लिहून घेतलं आणि पलंगाजवळ एक बटण बसवून दिलं. ते दाबलं की दवाखान्यात कळतं, बोलावं लागत नाही. बाळच्या भत्त्यात भाडं आणि औषधं बसली. माई घरीच राहिली. तिचा भत्ता फार नव्हता, पण तिच्या हक्काचा होता. मी म्हटलं, "आता हवेची गादी घे गं. पाठ सोलवटून निघालीय तुझी."

"गादी राहू दे. एक मुलगी ठेवलीय मी," माई म्हणाली. "बाळसारख्या मोठ्या माणसांना फोनवर बोलायला शिकवते ती. आठवड्यातून दोनदा येईल."

"अगं, पण फोन घ्यायला तू आहेस की!"

माईने नुसतं बाळकडे पाहिलं. मला काय ते कळलं, आणि माझ्या तोंडाचा पट्टा बंद पडला. आयुष्यभर फुकट केलेल्या कामाचा पगार हाती आला, तर ही बाई तो स्वतःला बिनकामाची करायला खर्च करत होती! मी खाली येऊन दुकानाचं दार लावलं आणि ढसाढसा रडले.

ती मुलगी चिवट निघाली. ती बाहेरच्या खोलीतून फोन करायची, बाळ आतून उचलायचा आणि दोघं गप्प. कित्येक दिवस नुसते श्वास. मग एकदा "हां." मग "कोण?"

परवा मी माईचे केस कापत होते, मुलगी आलेली नव्हती आणि फोन वाजला. बाळ कपड्यांच्या घड्या घालत होता, तो ताठ झाला. माईचा डावा हात सवयीने फोनकडे निघाला होता. तिने तो मागे घेतला आणि पांघरुणाखाली दडवला. फोन वाजतच राहिला. मी पुढे होणार, तेवढ्यात तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी जागच्या जागी थिजले.

बाळने फोन उचलला. "मी बोलतोय." बराच वेळ ऐकलं. "नाही. शनिवारी नाही. ठेवतो."

"कोण होतं रे?" माईने विचारलं.

"मालक. ओरडला नाही," बाळ म्हणाला आणि परत घड्या घालायला लागला.

माईचा हात अजून पांघरुणाखालीच होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण त्या पुसायला तिने तो बाहेर काढला नाही.